पत्र्यावर चढणारी हलकी बाई

नानांच्या चाळीत मला जो काही मान होता, तो माझ्या वजनामुळे होता. हे लिहिताना हसू येतं, आणि हसू आलं की लगेच खोकला येतो, म्हणून हसणं मी कमी केलंय.

चाळ धुळ्यात आहे. पुढे घरमालकांचं, म्हणजे नानांचं, स्लॅबचं घर. मागे अंगण, आणि अंगणापलीकडे आम्हा भाडेकरूंच्या खोल्या एका ओळीत. खोल्यांवर सिमेंटचे पत्रे. बोदवडकडच्या खेड्यातून लग्न होऊन मी आले ती थेट या पत्र्याखालीच, आणि अजून तिथेच आहे. आमचे हे तेलाच्या गिरणीत कामाला. भाडं इतरांपेक्षा कमी, नाना अडीअडचणीला धावून येणारे, त्यामुळे दुसरीकडे घर बघावं असं कधी मनातही आलं नाही.

खानदेशातला उन्हाळा ज्याने पत्र्याखाली काढलाय त्याला फार सांगायला नको. चैत्र लागला की दुपारी माठातलं पाणीसुद्धा कोमट लागतं. त्यावर एकच उपाय, पत्र्याला चुना मारायचा. पण पावसाळ्यात पत्र्यावर शेवाळ धरतं, ते वाळून काळं होतं, आणि त्याच्यावर चुना बसत नाही. म्हणून आधी तारेच्या ब्रशने पत्रा घासून काढायचा. ओला करून घासला तर पाय घसरतो. शिवाय उन्हाळ्यात नळाला पाणी येणार कधी आणि त्यातलं पत्र्यावर ओतणार कोण? तेव्हा कोरडाच घासायचा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीबाळी माहेरी यायच्या आत हे काम उरकलं पाहिजे, अशी चाळीची रीत.

आता पत्र्यावर गडीमाणूस चढला की पत्रा करकरतो. एका वर्षी एका भाडेकरूचा पाय आरपार आमच्या चुलीवर आला होता. तेव्हापासून ठरलं, वर हलकी बाई चढवायची. ती मी. पत्र्यावर कुठेही पाय ठेवून चालत नाही, नटबोल्टच्या रांगेवरच ठेवावा लागतो, कारण खाली वासा असतो. ते मला नीट जमायचं. नाना स्वतः खाली उभे राहून दोन्ही हातांनी शिडी धरायचे आणि मी उतरेपर्यंत सोडायचे नाहीत. बाया अंगणात उभ्या राहून वर बघायच्या. नाना आल्यागेल्याला सांगायचे, आमची सुमन मांजरीच्या पावलाने चालते, एक पत्रा तडकू देत नाही.

दिवसभर घासायचं. करड्या पिठासारखी भुकटी उडायची. पदर नाकाला बांधलेला, तरी संध्याकाळी नाक शिंकरलं की करडं. मग खराट्याने सगळी झाडून खाली लोटायची आणि उतरल्यावर दारातच लुगडं झटकायचं. आमची मनीषा लहान होती, ती खाली उभी राहून "आई पीठ पडतंय" म्हणत टाळ्या पिटायची. चुना सुकला की त्याच पत्र्यावर जुनी लुगडी अंथरून आम्ही बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळवायचो, आणि तेच पुढे वर्षभर खायचो.

धाप

दुखणं पावसाळ्यात सुरू झालं. आधी नुसती धाप. पाण्याची कळशी उचलली की दम लागायचा. मी म्हटलं वय झालं. हे म्हणाले, चहा कमी कर. आमच्याकडे कुठलंही दुखणं आधी चहावर ढकलतात.

मग उजव्या बाजूला छातीत दुखायला लागलं, कुशीवर झोपता येईना. फोटो काढला तर छातीत पाणी. पाठीतून सुई घालून ते काढलं. उशीला मिठी मारून पुढे वाकून बसायचं आणि हलायचं नाही. बाटलीत साठलेलं पाणी मी बघितलं, कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं. डॉक्टर म्हणाले, टीबी दिसतोय, औषध सुरू करू.

टीबी म्हटल्यावर घरातली माणसं कशी वागतात ते मला त्या दिवाळीत कळलं. माझी कपबशी वेगळी झाली. ती कुणी वेगळी केली हे कुणी सांगितलं नाही, एक दिवस ती खिडकीत एकटी दिसली. मनीषा जळगावला दिलेली आहे. तिच्या सासूने निरोप पाठवला की दिवाळीला नातीला बोलावू नका, लहान जीव आहे. मनीषा फोनवर रडली. मी तिला समजावलं, त्यांचं बरोबर आहे. ठेवला फोन आणि मग मला जो राग आला तो अजून गेलेला नाही. तो टीबी नव्हताच. ती कपबशी मी आजही वापरते, मुद्दाम, सगळ्यांसमोर.

गोळ्यांनी लघवी लाल झाली, पोटात आग पडली, आणि छातीत पाणी पुन्हा भरलं. एका पहाटे श्वास मिळेना तेव्हा नानांनीच गाडी काढली आणि दवाखान्यात नेलं. हेही लिहिलं पाहिजे. नाना वाईट माणूस असते तर मला हे सगळं सोपं गेलं असतं.

मॅडमचा प्रश्न

शेवटी मनीषा हट्टाने मला जळगावच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथे दुर्बीण घालून छातीच्या आतला तुकडा काढला आणि तपासायला पाठवला. रिपोर्ट आला त्या दिवशी मोठे डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर आहे. मनीषाने माझा हात धरला. मी डॉक्टरांना विचारलं, म्हणजे टीबी नाही ना? खरंच सांगते, मला क्षणभर बरं वाटलं.

त्यांनी विचारलं, काम काय करता? म्हटलं, घरीच असते. कधी कारखान्यात, गोदीत, बांधकामावर? नाही. नवरा? तेलाच्या गिरणीत. त्यांनी मान हलवली आणि कागद पुढे सरकवला.

दुपारी त्यांच्या हाताखालच्या मॅडम वॉर्डात आल्या. मनीषाच्याच वयाच्या. त्या पलंगावर टेकल्या आणि म्हणाल्या, घर कसलं आहे तुमचं? वर काय आहे? म्हटलं, सिमेंटचे पत्रे. त्यांनी विचारलं, ते कधी कापले, फोडले, घासले वगैरे?

आणि मी कौतुकाने सांगायला लागले. कसं नटबोल्टच्या रांगेवर पाय ठेवायचा, कसा तारेचा ब्रश धरायचा, गडीमाणसाने पत्रा तडकतो पण माझ्या हातून इतक्या वर्षांत एक तडकला नाही, नाना कशी शिडी धरतात. कितीतरी दिवसांनी कुणीतरी मला माझ्याबद्दल विचारलं होतं. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मॅडम लिहायच्या थांबल्यात. मनीषाही माझ्याकडे वेगळंच बघत होती. मॅडमनी हळूच विचारलं, "कोरडा घासायचात?"

मग त्यांनी सांगितलं. अशा पत्र्यात सिमेंटबरोबर ॲस्बेस्टॉस नावाचे दगडाचे तंतू असतात. डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक. पत्रा नुसता डोक्यावर आहे, धड आहे, त्याला कुणी हात लावत नाही, तर तेवढ्यावरून घाबरून जायचं कारण नाही. पण तो घासला, कापला, भोक पाडलं, फोडला की तंतू धुळीबरोबर उडतात आणि छातीत जाऊन बसतात. लगेच काही होत नाही. वीस-तीस, चाळीस वर्षांनीसुद्धा होतं. तुम्हाला यानेच झालं असं छातीठोक कुणी सांगणार नाही, त्या म्हणाल्या, पण हा आजार सहसा दुसऱ्या कशाने होत नाही.

मला आठवत होती ती खाली उभी राहून टाळ्या पिटणारी मनीषा. ती तर माझ्या शेजारीच बसली होती. मी तिच्याकडे बघू शकले नाही. नंतर मी मॅडमना एकटीने गाठून विचारलं. त्या म्हणाल्या, भीती मनात धरून बसू नका, पण कधी दम लागला, खोकला राहिला तर लवकर दाखवा, आणि डॉक्टरांना पत्र्याचं आधी सांगा. माझ्या आजाराची मला जेवढी भीती वाटते, त्याहून जास्त मला मनीषाच्या साध्या सर्दीची वाटते.

वॉर्ड

दवाखान्यात सगळ्यात आधी वजन करतात. काट्यावर उभं राहायचं, सिस्टर आकडा ओरडून सांगते, दुसरी लिहून घेते, त्यावर औषध ठरतं. दर खेपेला आकडा खाली. काट्यावर उभी राहिले की मला नानांचं कौतुक आठवायचं.

कॅन्सरच्या औषधाचं सलाईन दिवसभर चालायचं. तोंडाला लोखंड चाटल्यासारखी चव. कळण्याची भाकरी आणि ठेचा डोळ्यांपुढे यायचा आणि समोर आला की वास सहन व्हायचा नाही. माझ्या औषधाने केस गेले नाहीत. त्यामुळे बघायला येणाऱ्यांना आजार खोटा वाटायचा. एक नातेवाईक बाई तर म्हणाली, कॅन्सरचं काही वाटत नाही हो. जणू मी ढोंग करून सलाईन लावून घेतलं होतं.

शेजारच्या पलंगावर पहूरच्या एक अक्का होत्या, केळीवाल्या घरातल्या. त्यांचे केस गेले होते. त्या संध्याकाळी माझ्या केसांना तेल लावून वेणी घालून द्यायच्या. म्हणायच्या, मला सवय राहू दे. पुढच्या खेपेला त्यांचा पलंग दुसऱ्या बाईला दिला होता. मी सिस्टरला विचारलं नाही.

दर खेपेनंतर चार दिवस मनीषाकडे राहायचं आणि मग एसटीने पारोळ्यावरून धुळ्याला परत. मनीषाच्या सासूबाई आता फार गोड वागायच्या. कॅन्सर लागत नाही ना कुणाला.

नानांशी बोलणं

घरी आले तर आमच्या शेजारच्या खोलीत नवीन जोडपं राहायला आलेलं. नवरा मोबाईलच्या दुकानात, बायको वैशाली, नवीनच लग्न झालेली, वाऱ्याने उडेल अशी. पहिल्या दिवसापासून अक्का अक्का करत माझ्या दारात. पाणी भरून द्यायची, खिचडी टाकून द्यायची. नानांच्या घरच्या बाईंनी तिला अंगणात बघितलं आणि माझ्यादेखत म्हणाल्या, चला, सुमननंतर कोण याची काळजी मिटली.

मी ह्यांना म्हटलं, नानांशी बोला. चार वेळा सांगून बघितलं तेव्हा ह्यांचा आवाज चढला, "नानाशी वैर लिसन आपण कोठे जासूत?" या माणसाने माझ्यासाठी दवाखान्याच्या व्हरांड्यात पथारी टाकून कितीतरी रात्री काढल्या. पण नानांसमोर तोंड उघडायचं म्हटलं की त्याची जीभ टाळ्याला चिकटते. महापालिकेच्या एका ऑफिसात मात्र हे जाऊन आले. तिथे सांगितलं की मालक आणि भाडेकरू, तुमचं तुम्ही बघा.

मग मीच गेले. नानांनी खुर्ची दिली, चहा मागवला. मी काही फार मागितलं नाही. पत्रे बदला असंही म्हटलं नाही. एवढंच म्हटलं की यापुढे कोरडा घासू नका. शेवाळ राहिलं तर राहू द्या. चुना हवाच तर संध्याकाळी पत्रा भरपूर भिजवून खालूनच लांब काठीच्या कुंचल्याने मारा. न्हाणीवरचा पत्रा तडकलाय, तो काढायचा तर हातोडीने फोडू नका, भिजवून अख्खा उतरवा, आणि तुकडे कुणाला कोंबड्यांच्या खुराड्याला देऊ नका. खाली भुकटी पडली तर झाडू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि फडकं फेकून द्या. मॅडमनी मला जे सांगितलं होतं ते सगळं मी पाठ करून गेले होते.

नानांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सिमेंटना पत्रा शे तो, इख नही. इतला वरीस बठ्ठा आठेच ऱ्हायनात, कोनले काय व्हयनं?"

मी त्यांच्यासमोर बसले होते. इख म्हणजे विष. माझ्या गळ्याची हाडं वर आलेली, बोलताना मी मध्ये मध्ये श्वास घ्यायला थांबत होते. कोनले काय व्हयनं, कुणाला काय झालं, असं त्यांनी मलाच विचारलं. चहा तसाच ठेवून मी उठले. वर मान करून बघितलं तर नानांच्या घराला गुळगुळीत पांढरा स्लॅब, पंखा फिरतोय.

वैशालीला मी सगळं सांगितलं. तिने डोळे मोठे करून ऐकलं. मग खाली बघत म्हणाली, "अक्का, मी नवी शे. नही कशी म्हनू?" मला तिला झापड मारावीशी वाटली, आणि पोटाशीही धरावंसं वाटलं. मीही नवी होते तेव्हा नाही म्हटलं नव्हतं. मला तर कुणी कारणही सांगितलं नव्हतं.

आखाजी

या वर्षी आमच्या चाळीचे पत्रे काळेच आहेत. सगळे भाडेकरू माझ्यावर चिडून आहेत. दुपारी खोलीत बसवत नाही, भिंती तापतात, पंखा गरम वारा फेकतो. एका बाईने मला ऐकू जाईल असं सांगितलं की मरताना माणूस दुसऱ्याचंही सुख बघत नाही. मलाही उकडतंच. आजारी माणसाला जास्त उकडतं. पण कुणी वर गेलं नाही.

झालं असं. आखाजीच्या आधी एका सकाळी अंगणात आवाज आला म्हणून मी दार उघडलं. पिंपात चुना भिजत घातलेला. आमच्या भिंतीला शिडी लावलेली. वैशालीने पदर खोचलेला, नाकाला ओढणी बांधलेली, हातात तारेचा ब्रश. तो माझाच ब्रश होता, मुठीला मी गुंडाळलेली लाल चिंधी अजून तशीच. नाना तिला समजावत होते की नटबोल्टच्या रांगेवर पाय ठेव, सुमन ठेवायची तसा.

ओरडायला माझ्याकडे श्वास नव्हता. मी भिंत धरत धरत गेले आणि शिडीच्या खालच्या पायरीवर बसले.

नाना म्हणाले, "सुमन, बाजूले व्हय. ऊन चढी ऱ्हायनं."

मी हलले नाही. भाडेकरू दारादारांत येऊन उभे राहिले. हे गिरणीत जायला निघाले होते, ते डबा हातात धरून खोलीच्या उंबऱ्यातच थांबले आणि जमिनीकडे बघत राहिले. वैशाली रडकुंडीला आली. म्हणाली, अक्का, मी पटकन करून उतरते ना. नानांनी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना त्यांचा आवाज कडक झाला. कुणीतरी मागून बोललंही, आजारी बाई आहे, उचलून बाजूला करा.

तेव्हा मी उठले. वैशालीच्या हातातून ब्रश घेतला आणि म्हटलं, "नाना, हलकीच बाई पाहिजे ना? मन्हापेक्षा हलकी आते आठे कोन शे? मीच चढस."

मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला, मग दुसऱ्या. तेवढ्यावरच छाती भरून आली, डोळ्यांपुढे काळोख आला आणि मी पायरीला कवटाळून उभी राहिले. शिडी हलली. आणि नानांनी, इतक्या वर्षांच्या सवयीने, पुढे होऊन दोन्ही हातांनी ती घट्ट धरली.

मी खाली बघितलं. नाना आपल्याच हातांकडे बघत होते. मग त्यांनी हात सोडले, खांद्यावरच्या पंच्याने पुसले आणि आपल्या घरात गेले.

मला उतरवायला वैशाली आली. तिला एकच हात पुरला.